जखमी मँटिस घरात असेल तर

आमच्या घरच्या मँटिसचं, म्हणजे पुढचे पाय हात जोडल्यासारखे धरून बसणाऱ्या शिकारी किड्याचं, नाव हिरकणी. रोज संध्याकाळी पडद्याचा उभा कडा चढून जायची, म्हणून मुलीने ठेवलेलं. ऑक्टोबरातल्या एका रात्री सरकत्या खिडकीच्या खाचेत तिचा मधला उजवा पाय चिरडला. पाय लोंबतोय, सांध्यापाशी फिकट हिरवट पाण्याचा थेंब जमलाय आणि ती मान वळवून माझ्याकडे बघतेय. आईने सवयीने हळदीचा डबा आणला. हळद मी लावू दिली नाही, पण मी जे केलं ते काही बरं नव्हतं. तिला एका डबीत कापसाच्या मऊ गादीवर ठेवलं. मँटिसच्या पायांना टोकाला बारीक आकड्या असतात. त्या कापसाच्या तंतूंत अडकल्या आणि सुटायच्या धडपडीत आणखी एका पायाचं टोक गेलं.

त्या रात्री मला कुणी सांगायला हवं होतं ते इथे लिहिते आहे. ज्यांच्या घरी मँटिस नव्याने आलाय आणि त्याला काहीतरी लागलंय, त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात पावसाळा संपताना दिव्यावर येणारा, बोटाएवढा लांब, हिरवागार आणि पंखाच्या कडेला पांढरट ठिपका असलेला मँटिस बहुधा हायरोड्यूला या प्रजातीतला असतो. माझा अनुभव मुख्यतः त्याचाच, पण यातलं जवळजवळ सगळं इतर मँटिसनाही लागू पडतं.

आधी बघा, खरंच जखम आहे का

घाबरून हात लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं निरखा. नवीन माणसाला जखम वाटणाऱ्या काही गोष्टी अगदी नेहमीच्या असतात.

रात्री मँटिसचे डोळे काळे पडतात. दिवसा हिरवे किंवा पिवळसर असलेले डोळे अंधारात चॉकलेटी-काळे होतात आणि सकाळी पुन्हा उजळतात. कमी उजेडात दिसावं म्हणून डोळ्यांत होणारा तो बदल आहे. दिवसा डोळ्यात दिसणारा आणि तुम्ही सरकाल तसा सरकणारा काळा ठिपकाही जखम नव्हे. संयुक्त डोळ्याच्या ज्या बारीक नळ्या नेमक्या तुमच्या दिशेने रोखलेल्या असतात, त्या काळ्या दिसतात, एवढंच. एकाच जागी राहणारा, दिवसाही न जाणारा तपकिरी डाग मात्र खरी इजा आहे. त्याबद्दल पुढे येईल.

खाणं सोडून छताला उलटा लटकून बसलेला मँटिस आजारीच असेल असं नाही. लहान असेल तर कात टाकायच्या तयारीत असू शकतो. मोठी, पोटाने जड झालेली मादी असेल तर अंडी घालायच्या बेतात असू शकते. दोघांनाही हलवू नका.

मग वय ओळखा

जखम कुठे झाली याच्याही आधी हा प्रश्न विचारायचा, कारण पुढचं सगळं याच उत्तरावर अवलंबून आहे. मँटिसचं शरीर बाहेरून कडक कवचात बंद असतं आणि तुटलेला भाग नव्याने येतो तो फक्त कात टाकताना. कात टाकायची बाकी असेल तर पाय परत येण्याची आशा आहे. शेवटची कात टाकून झाली असेल तर आहे त्या पायांवरच उरलेलं आयुष्य काढायचं.

ओळखायची खूण म्हणजे पंख. पाठीवर पोट झाकणारे पूर्ण पंख असतील तर मँटिस प्रौढ. पंखांच्या जागी नुसत्या चपट्या कळ्या असतील तर ते पिल्लू आहे, मग आकार कितीही मोठा दिसो. त्या कळ्या टम्म फुगलेल्या असतील तर एकच कात उरली आहे. काही जातींच्या माद्यांचे पंख प्रौढपणीही आखूड राहतात, पण हायरोड्यूलाच्या बाबतीत ही खूण चुकत नाही.

लहान वयात चालायचा पाय गेला तर पुढच्या कातेत तो छोटा, बारीक असा उगवतो आणि त्यानंतरच्या प्रत्येक कातेत वाढत जातो. शेवटून दुसऱ्या टप्प्यावर गेला तर प्रौढपणी तोकडा पाय मिळेल किंवा काहीच मिळणार नाही. पाय कात टाकायच्या अगदी तोंडावर तुटला असेल तर त्या कातेत तो दिसत नाही, नवा पाय घडायला वेळच मिळालेला नसतो. तेव्हा निराश होऊ नका, त्याच्या पुढच्या कातेची वाट बघा. पुढच्या काटेरी शिकारी पायांवर मात्र असा भरवसा ठेवू नये.

हिरकणीला पूर्ण पंख होते. म्हणजे पाय येणार नव्हता. हे एकदा कळल्यावर माझी धावपळ थांबली आणि काय करायचं ते स्पष्ट झालं.

रक्त थांबवणं

कीटकाचं रक्त लाल नसतं. मँटिसचं पाण्यासारखं, हिरवट किंवा पिवळट असतं. एखादा थेंब येऊन थांबला असेल तर काहीही लावायची गरज नाही. ते आपोआप गोठतं आणि जखम काळी पडते. हा काळेपणा सडण्याचा नाही, खपलीचा आहे. कीटकांच्या शरीरात जखम बुजवणारं द्रव्यच काळं असतं.

थेंबामागून थेंब येत राहिले तरच हात घालायचा. स्वयंपाकघरातलं कॉर्नफ्लोअर किंवा बारीक तांदळाचं पीठ चिमूटभर घ्या. कोरड्या मऊ ब्रशने किंवा कापसाच्या काडीच्या टोकाने नेमकं जखमेवर टेकवा आणि सोडून द्या. चोळायचं नाही, जादा पीठ झटकायचंही नाही. तोंड, डोळे आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पीठ लागू देऊ नका.

पोटाच्या बाजू का सांभाळायच्या? मँटिस नाकाने श्वास घेत नाही. छातीच्या आणि पोटाच्या कडेला ओळीने बारीक छिद्रं असतात, त्यातून हवा आत जाते. म्हणून तेल, तूप, मलम, व्हॅसलीन यातलं काहीही जवळ आणू नका, त्याने छिद्रं बुजतात. कडुनिंबाचं तेल तर कीटकनाशकच आहे. हळद आपल्याला औषध वाटते, पण धान्याला कीड लागू नये म्हणून आपण तीच वापरतो. डेटॉलसारखी जंतुनाशकं आणि हँड सॅनिटायझरही नको. हात साध्या पाण्याने धुवा. कुत्र्याला पिसवांचं औषध लावलं असेल त्या दिवशी घरातल्या दुसऱ्या कुणाला मँटिस हाताळू द्या.

पाय तुटून लोंबत असेल तर ओढून काढू नका. मधले आणि मागचे पाय मँटिस स्वतःच सोडून देऊ शकतो. मांडीच्या वरच्या सांध्यात त्यासाठी ठरलेली जागा असते आणि तिथून पाय सुटला तर रक्त फारसं जात नाही. आमच्या हिरकणीने तिसऱ्या दिवशी पहाटे तो पाय टाकून दिला. बरणीच्या तळाशी पडलेला होता आणि वरची खपली कोरडी होती. नवख्या माणसाने कात्री हातात घेऊच नये असं माझं मत आहे. लोंबता पाय बाकीच्या पायांत गुंतून मँटिस पुन्हा पुन्हा पडत असेल तेव्हाच तो विचार, आणि तोही कीटक सांभाळण्याचा अनुभव असलेल्या माणसाला शेजारी बसवून.

राहायची जागा

जखमी मँटिसला गादी नको, छत हवं. तो आयुष्याचा मोठा भाग उलटा लटकून काढतो. खातो तसाच, कात टाकतो तीही तशीच. पाय कमी झाले की पकड कमी होते, म्हणून छत अधिक खडबडीत हवं आणि पडलाच तर पडायची उंची कमी.

काचेची किंवा प्लॅस्टिकची रुंद तोंडाची बरणी घ्या. उंची मँटिसच्या लांबीच्या तिप्पट, रुंदी दुप्पट. निरोगी असताना याहून उंच चालते, जखमी असताना नको. झाकणाऐवजी मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा ताणून रबरबँडने बांधा, तेच त्याचं छत. एक खरखरीत सालीची काडी तिरकी ठेवा म्हणजे वर चढायला जिना मिळतो. तळाला टिश्यू पेपरच्या दोन-तीन घड्या घाला. पडल्यावर मार बसत नाही आणि घाण झाली की घड्या बदलता येतात. माती, कोकोपीट वगैरे आत्ता नको, ओलाव्याने बुरशी धरते.

बरणी उन्हात ठेवू नका. काचेच्या बंद भांड्यात थेट ऊन आलं तर मँटिस थोड्याच वेळात भाजून निघतो. 25 ते 30 अंश सेल्सिअस तापमान हायरोड्यूलाला मानवतं, म्हणजे आपल्याकडे बहुतेक महिने खोलीतली नेहमीची हवा पुरते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे थंडी पडली की तो मंदावतो, कमी खातो आणि जखमही सावकाश भरते. तेव्हा बरणी स्वयंपाकघराच्या उबदार बाजूला हलवा, पण गॅस आणि फोडणीच्या धुरापासून लांब.

आता दोन शत्रू. पहिला डासांचं लिक्विड मशीन. डास मारणारं औषध मँटिसला वेगळं ओळखत नाही. त्याच्या खोलीत मशीन, कॉइल, झुरळांचा फवारा, खडू, डांबरगोळ्या यातलं काहीही नको. पाय थरथरणं, मान आणि पोट वेडंवाकडं पिळवटणं, उताणं पडून राहणं ही विषबाधेची लक्षणं मार लागल्यासारखीच दिसतात. तसं दिसलं तर आधी खोलीतला प्लग बघा. मँटिसला मोकळ्या, स्वच्छ हवेत न्या आणि पाणी द्या. त्यापलीकडे घरी करण्यासारखं काही नाही.

दुसरा शत्रू मुंग्या. जखमेच्या वासावर आणि मधाच्या थेंबावर त्या रातोरात येतात, आणि लंगडा किंवा कात टाकत असलेला मँटिस त्यांच्यापुढे असहाय असतो. यावर आपल्या आजीचा उपाय अजून चालतो. परातीत बोटभर पाणी घालायचं, मधोमध वाटी उपडी घालायची आणि तिच्यावर बरणी ठेवायची. तुपाची बरणी जशी ठेवत असत तशीच. पालीसाठी जाळी घट्ट बांधलेली असली की पुरे.

पाणी आणि खाणं

भरल्या पोटाचा मोठा मँटिस काही दिवस न खाता काढतो, पाण्याची गरज मात्र रोजची. झाडांना पाणी मारायच्या स्प्रेने बरणीच्या आतल्या भिंतीवर एक हलका फवारा द्या, मँटिसच्या अंगावर नाही. तो थेंब थेंब पितो. खूप अशक्त असेल तर चमच्याच्या टोकावर किंवा ओल्या ब्रशवर एक थेंब घेऊन तोंडाशी टेकवा. आधी मागे सरकेल. पाणी आहे हे तोंडाला कळलं की एकाग्र होऊन पीत राहील, तेव्हा हात हलवू नका.

पहिल्या दिवशी खायला देऊ नका. दुसऱ्या दिवशी मधाचं पाणी द्या. एक भाग मध, तीन-चार भाग पाणी, टूथपिकच्या बोथट टोकावर एक थेंब. हे फक्त ताकद येण्यापुरतं आहे. मँटिस पूर्ण मांसाहारी आहे, मधावर तो जगत नाही.

जखमी असेपर्यंत एरवीच्यापेक्षा निम्म्या आकाराचा, मऊ आणि परत न चावणारा किडा द्यायचा. घरमाशी उत्तम. छोट्या पिल्लांसाठी चिलटं. केळ्याची सालं टाकलेल्या बरणीत ती दोन दिवसांत जमतात. दिव्यावर येणारे छोटे पतंगही चालतात, पण ज्या घरात फवारा मारला असेल तिथले नको. रातकिडा किंवा झुरळ बरणीत टाकून झोपायला जाऊ नका. भुकेला रातकिडा लटकलेल्या मँटिसचे पाय कुरतडतो. शेजारणीने हौसेने आणून दिलेला एक मोठा रातकिडा मी रात्रभर ठेवला होता. सकाळी रातकिडा धडधाकट होता आणि हिरकणीच्या मागच्या पायाला नवी जखम होती.

एक शिकारी पाय शाबूत असेल तर मँटिस एका हाताने शिकार करायला शिकतो. नेम चुकतो, वेळ लागतो, तरी शिकतो. दोन्ही निकामी असतील तर तुम्हाला भरवावं लागेल, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. माशी किंवा पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा मीलवर्म (भुंग्याची अळी) नुकताच मारून घ्या, मधोमध कापा. बोथट चिमट्यात धरून कापलेली ओली बाजू मँटिसच्या तोंडाला अलगद टेकवा. जबडे हलायला लागतील. घाई करू नका. एक माशी संपायला वीस मिनिटं लागू शकतात आणि हात अवघडतो, म्हणून कोपर टेबलावर टेकवून बसा. तो तोंड फिरवत असेल तर दोनदा प्रयत्न करून थांबा, संध्याकाळी पुन्हा. अर्धवट खाल्लेलं काहीही बरणीत ठेवू नका, कुजतं.

किती द्यायचं हे पोट सांगतं. पोट चपटं आणि सुरकुतलेलं म्हणजे उपाशी, बोटासारखं भरीव म्हणजे पुरे, ताणून चकाकणारं म्हणजे जास्त झालं. जखमी मँटिसला ठासून भरवू नका. जड पोटाने पडला तर पोटच फुटू शकतं.

तोंडातून तपकिरी-काळा दुर्गंधी द्रव येत असेल तर खाणं तीन-चार दिवस बंद, फक्त पाणी. बरणी गरम पाण्याने धुवून कोरडी करा, टिश्यू रोज बदला, हवा खेळती ठेवा. काही सावरतात, काही नाही.

काही ठरावीक जखमा

डोळ्यावरचा न जाणारा डाग बहुधा बरणीच्या भिंतीला तोंड घासून पडतो. पारदर्शक भिंत त्याला भिंत वाटत नाही, तो बाहेर जायला धडपडत राहतो. तीन बाजूंनी बाहेरून कागद चिकटवा, आतून जाळी लावा. डोळ्यात औषध घालू नका. पिल्लू असेल तर पुढच्या कातेत डोळा सुधारू शकतो. प्रौढाचा डाग राहतो, पण एका डोळ्यानेही तो भागवतो, फक्त अन्न समोर आणि जवळ द्यावं लागतं.

मिशी तुटली, पंख फाटला, पायाचं शेवटचं टोक गेलं, यासाठी काहीच करू नका. जाळी खडबडीत ठेवा.

पोटाला बारीक भोक असेल तर कडेची श्वासाची छिद्रं सांभाळून पीठ लावून चार दिवस अगदी कमी खायला द्या. चीर मोठी असून आतला भाग बाहेर आला असेल तर तो वाचत नाही.

कात टाकणं: उपचार आणि धोका एकाच वेळी

पिल्लासाठी पाय परत मिळवायची वाट इथूनच जाते, आणि जखमी पिल्लू मरतं तेही बहुतेकदा इथेच. कात टाकताना ते पायांनी छताला घट्ट धरून उलटं लटकतं आणि जुन्या कवचातून खाली घरंगळत बाहेर येतं. पाय कमी असतील तर पकड सुटून पडायची भीती. अंग त्या वेळी ओल्या कणकेसारखं मऊ असतं आणि ज्या आकारात पडेल त्याच आकारात कडक होतं.

खाणं बंद झालं, पंखांच्या कळ्या फुगल्या, रंग मळकट दिसायला लागला की तयारी करा. बरणीतला प्रत्येक जिवंत किडा बाहेर काढा. भिंतींवर फवारा दिवसातून दोनदा द्या. कोरडी हवा असली की कात सुटत नाही, विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर बरणीशेजारी ओलं फडकं ठेवा. खाली पूर्ण लांबीची मोकळी जागा आहे ना ते बघा, आड येणारी काडी काढा. आणि मग बरणीला हात लावू नका. बघायला म्हणून उचलूही नका.

पडलंच, तर जुनी कात अजून अंगाला चिकटलेली असेल. चिमट्याने ती कात धरा, अंग नाही, आणि डोकं खाली राहील असं जाळीला चिमटीने अडकवा. गुरुत्वाकर्षण बाकीचं काम करतं. एखादा पाय कातेत अडकून राहिला तर कोमट पाण्यात बुडवलेल्या ब्रशने ती जागा ओली करत राहा, ओढू नका. बाहेर आल्यावर लहान पिल्लाला एक दिवस आणि शेवटची कात टाकलेल्याला दोन-तीन दिवस खायला देऊ नका, जबडे आणि काटे कडक व्हायला तेवढा वेळ लागतो.

ठेवायचं की सोडायचं

बाहेरून आलेला मँटिस एखादा चालायचा पाय गमावून बसला असेल, बाकी तरतरीत असेल, तर दोन-चार दिवस खाऊ-पिऊ घालून झुडपावर सोडून द्या. पाच पायांवर तो छान जगतो. दोन्ही शिकारी पाय गेलेला, किंवा सरळ लटकू न शकणारा मात्र बाहेर टिकणार नाही.

पाणीही तोंडात घेत नाही, पोट काळं पडलंय, अंग पिळवटलेलं आहे, अशा मँटिसला दिवसेंदिवस तसं ठेवू नये. छोट्या डबीत घालून आधी तासभर फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे तो थंडीने निपचित होतो, मग एक दिवस फ्रीझरमध्ये. मुलांना खरं सांगा. माझ्या मुलीला मी आधीच्या मँटिसच्या वेळी उडून गेला असं सांगितलं होतं. ती आठवडाभर गॅलरीत त्याला हाका मारत राहिली.

आणि म्हातारपणाला जखम समजू नका. हायरोड्यूलाचं सगळं आयुष्य साधारण वर्षभराचं, त्यात प्रौढपण काही महिन्यांचं, नराचं आणखी कमी. शेवटच्या आठवड्यांत पायांची टोकं गळतात, डोळे दिवसाही गढूळ दिसतात, भिंतीवरून घसरायला होतं. तेव्हा छत आणखी खाली आणा आणि अन्न तोंडापर्यंत न्या.

हिरकणी त्या अपघातानंतर सात आठवडे जगली. पाचव्या आठवड्यात तिने तिरक्या काडीवर फेसाचा एक गोळा घातला, तो तासाभरात वाळून तपकिरी झाला. बाहेरून आलेली मादी असेल तर ती बहुधा नराला भेटून आलेली असते आणि त्या गोळ्यात जिवंत अंडी असतात. घरीच वाढलेल्या एकट्या मादीचा गोळा सहसा रिकामा जातो. कशीही असली तरी तो खरवडू नका. काडी कापून गॅलरीतल्या झाडाला, पाऊस आणि कडक ऊन लागणार नाही अशा फांदीला उभी बांधा, बुंध्याला व्हॅसलीनची पट्टी लावा म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत. शंभराच्या वर पिल्लं एका सकाळी एकदम बाहेर येतात आणि भूक लागली की एकमेकांना खायला लागतात, म्हणून तो गोळा घरात बंद बरणीत ठेवू नये. आमचा कढीपत्त्याच्या कुंडीत बांधला होता.